सुतारालाही गुरू मानता येईल?

आजचं चिंतन: गीता, अध्याय 4, श्लोक 34.

ज्ञान कसं मिळवावं? भगवंत तीन गोष्टी सांगतात: नम्रता, प्रश्न विचारणं आणि सेवा. उद्याच्या शाळेबद्दल बोलताना आपण मात्र कोडिंग आणि एआयवरच थांबतो. मीही सॉफ्टवेअरवालाच, त्यांची गरज मला कळते. पण उत्तरं यंत्र देणार असेल, तर प्रश्न आणि सेवा कुठे शिकायची?

1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण, म्हणजे नई तालीम, मांडली. जवळच पवनारला, धाम नदीकाठी, विनोबांनी 1959 मध्ये ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं. तिथल्या भगिनींसाठी शेती, सफाई आणि अध्ययन ही एकच साधना.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. ज्या घराने पिढ्यानपिढ्या कष्टच उपसले, त्या घरातल्या मुलाला शाळेतही पुन्हा कष्टच का? त्याला पुस्तक, इंग्रजी, कॉम्प्युटर मिळायलाच हवं. म्हणून हातकाम फक्त गरिबांच्या शाळेत असेल, तर तो अन्याय. इंजिनिअरच्या मुलानेही ते केलं, तरच ती सेवा.

2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत, सुतार, माळी, कुंभारांकडून शिकायला. ते सहलीसारखे संपू नयेत. मुलांनी त्या सुताराला आधी नमस्कार करावा, मग प्रश्न विचारावेत आणि मग रंधा हातात घ्यावा. श्लोकातला क्रमही हाच आहे.