तिसरा फाटा, कोणती लेन?

लंडनहून ब्रिस्टलकडे निघाले की वाटेत स्विंडन लागते. एकेकाळी रेल्वेच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे शहर आज गोवेकरांच्या चांगल्याच परिचयाचे आहे, कारण पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेल्या गोमंतकीयांची मोठी वस्ती तिथे आहे. बाकीच्या जगाला मात्र स्विंडन ठाऊक आहे ते ‘मॅजिक राउंडअबाउट’मुळे. काउंटी ग्राउंड या फुटबॉलच्या मैदानाजवळ पाच रस्ते एकत्र येतात. प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक छोटे वर्तुळ आहे आणि ही पाचही वर्तुळे मधल्या सहाव्याभोवती मांडलेली आहेत. बाहेरच्या कडेने वाहने घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, आतल्या कडेने उलटी. नवख्याला वाटते, समोरून येणारा प्रत्येक जण चुकतो आहे. खरे तर तिथे सगळे नियमानेच चाललेले असतात.

फ्रँक ब्लॅकमोर या अभियंत्याने ही रचना १९७२ मध्ये उभी केली. सुरुवातीच्या दिवसांत छोटी वर्तुळे कायमची आखलेलीच नव्हती. वाहने कशी वागतात ते पाहून ती सरकवता यावीत अशी सोय होती, आणि लोक गोंधळले तर म्हणून प्रत्येक वर्तुळावर एक पोलीस उभा केला होता. ब्रिटनची वाहतूक नियमावली, ‘हायवे कोड’, अशा ठिकाणासाठी एकच सल्ला देते: प्रत्येक छोटे वर्तुळ स्वतंत्र समजा आणि नेहमीचे नियम पाळा. प्रत्येक वर्तुळापाशी तेच करा, की पार.

त्यामुळे गंमत अशी, की स्विंडनचे हे भुताटकीसारखे दिसणारे वर्तुळ माणसाला फारसे चकवत नाही. तिथे प्रत्येक जण आधीच बिचकलेला असतो, हळू जातो, इतरांकडे पाहतो. चकवते ते साधे, मोठे, दोन-तीन लेनचे राउंडअबाउट. डावीकडे जायचे तर डावी लेन. उजवीकडे किंवा पूर्ण वळसा घेऊन मागे जायचे तर उजवी. मधल्या फाट्यांसाठी ‘योग्य ती लेन निवडा’. तीनपेक्षा जास्त लेन असतील तर ‘सर्वात योग्य ती’. म्हणजे जिथे प्रश्न अवघड होतो, नेमकी तिथे नियमावली प्रश्नच उत्तर म्हणून परत करते! शिवाय सगळ्याच्या आधी एक अट आहेच: पाट्या किंवा रस्त्यावरच्या खुणा वेगळे सांगत नसतील तर.

आणि खुणा अनेकदा वेगळेच सांगतात. पाटीवरच्या नकाशात तिसरा फाटा उजवीकडे झुकलेला दिसतो, पण डांबरावरचा बाण त्याच फाट्यासाठी डावी लेन दाखवतो. बाणाचा रंग उडालेला असतो. गर्दीच्या वेळी त्या बाणावर पुढची गाडी उभी असते, ती हलली की बाण दिसतो, आणि तोवर लेन बदलण्याची वेळ निघून गेलेली असते. कानाशी नॅव्हिगेशन म्हणत असते, ‘तिसरा फाटा घ्या’. लेनबद्दल त्याचे मौन. ड्रायव्हिंग शिकवणारे अशा वेळी एक आडाखा सांगतात: घड्याळात बारा वाजतात त्या दिशेच्या पलीकडचा फाटा असेल तर उजवी लेन धरा. आडाखा उपयोगी आहे, पण तो नियम नाही.

अशा ठिकाणी अडकलेला माणूस तीन-चार सेकंदांत जो प्रश्न सोडवत असतो, तो तत्त्वज्ञानाच्या आणि धर्मशास्त्राच्या इतिहासात फार जुना आहे. नियम पाळायची इच्छा आहे, नियम आहेही; पण तो नेमके काय सांगतो हे कळत नाही. तेव्हा योग्य वागणे कोणते? आणि चूक झाली तर दोष कोणाचा?

या प्रश्नाचे एक टोक विटगेनस्टाइनने धरले. १९५१ मध्ये केंब्रिजला वारलेल्या या तत्त्ववेत्त्याचे ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ हे पुस्तक १९५३ मध्ये निघाले. त्यात तो वाटेवरच्या दिशादर्शक खांबाचे उदाहरण घेतो. बाण दाखवला तरी तो टोकाच्या दिशेने वाचायचा की उलट, हे बाणात लिहिलेले नसते. ते सांगणारा आणखी एक नियम लिहिला, तर तोही वाचावा लागतो. ही साखळी कागदावर संपत नाही. ती संपते लोकांच्या सरावात. खांब वाचायची रीत असलेल्या समाजात माणूस वाढतो म्हणून त्याला तो वाचता येतो. हे फार अमूर्त वाटत असेल तर पॅरिसला जावे. डावीकडून गाडी चालवणाऱ्या ब्रिटनमध्ये १९६६ पासून राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. वर्तुळात आधीपासून फिरणारे वाहनच उजवीकडून येते, म्हणून आतला आधी जातो आणि वर्तुळ तुंबत नाही. त्या नियमापूर्वी बाहेरचे आत घुसत आणि आतले बाहेर पडू शकत नसत. आता हाच नियम, ‘उजवीकडच्याला अग्रक्रम’, उजवीकडून गाडी चालवणाऱ्या फ्रान्समध्ये लावा. वर्तुळ उलटे फिरते, उजव्या हाताला येतो तो बाहेरून शिरणारा, आणि आतला थांबतो. आर्क द त्रिओंफभोवतीच्या बारा रस्त्यांच्या चौकात आजही असेच चालते. इतर वर्तुळांवर फ्रान्सने १९८० च्या दशकात आतल्याला अग्रक्रम देणारी पद्धत आणली. अक्षरशः तोच नियम, आणि वागणे बरोबर उलटे.

मग ज्यांच्यासाठी शास्त्राचे वचन म्हणजे अंतिम शब्द, त्यांनी काय केले? पूर्वमीमांसा हे दर्शन जवळजवळ सगळे याच चिंतेवर उभे आहे. वेदवाक्य चुकू शकत नाही असे एकदा मानले, की दोन वाक्ये एकमेकांविरुद्ध गेली तर ती सोडवणे भागच. जैमिनीच्या परंपरेने त्यासाठी सहा प्रमाणांची उतरंड लावली: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. यात आधीचे नंतरच्यापेक्षा बलवान. तिचे नेहमीचे उदाहरण असे: एका ऋचेत स्तुती इंद्राची आहे, म्हणजे शब्दांच्या सामर्थ्यावरून, अर्थात लिंगावरून, ती इंद्राकडे जाते. पण विधी स्पष्ट सांगतो की तिने गार्हपत्य अग्नीचे उपस्थान करावे. इथे स्पष्ट विधी जिंकतो, सूचन हरते. चौकातल्या माणसाला हा निवाडा जसाच्या तसा वापरता येतो. फाट्याचा आकार ‘उजवी लेन’ सुचवतो, डांबरावरचा बाण ‘डावी’ सांगतो, बाण मानावा.

ही पद्धत केवळ यज्ञशाळेत राहिली नाही. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’च्या शेवटच्या खंडात पूर्वमीमांसा आणि धर्मशास्त्र यांच्या नात्याची सविस्तर चर्चा आहे. २००६ मध्ये इस्पात इंडस्ट्रीज विरुद्ध मुंबईचे सीमाशुल्क आयुक्त या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही अर्थ लावण्याच्या मीमांसा-नियमांचा आधार घेतला होता.

दोन्ही प्रमाणे तुल्यबळ निघाली तर? अतिरात्र यागात षोडशी हे सोमपात्र घ्यावे असे एक वचन आहे आणि घेऊ नये असे दुसरे. तिथे मीमांसक विकल्प मान्य करतात, पण नाखुशीने. विकल्पाला आठ दोष चिकटलेले असतात असे ते म्हणतात, म्हणून तो अगदी शेवटचा उपाय. महाराष्ट्रातल्या घराघरांत मात्र विकल्प बिनबोभाट नांदतो. पंचांगात काही महिन्यांत स्मार्त एकादशी एका दिवशी आणि भागवत एकादशी दुसऱ्या दिवशी छापलेली असते. कोणाच्या घरात कोणती, हे त्या घराला माहीत असते, त्यावरून शेजाऱ्यांत भांडण होत नाही. चौकात हे जमत नाही. शेजाऱ्याचा उपास कोणावर येऊन आदळत नाही; शेजारची गाडी आदळते.

विकल्पाबद्दलचा मीमांसकांचा पुढचा नियम म्हणूनच अधिक कामाचा आहे. हविर्द्रव्य म्हणून तांदूळ किंवा जव, दोन्ही चालतात. पण एकदा तांदळाने आरंभ केला की मध्येच जवाकडे वळता येत नाही. तांदूळ नासले तर त्यांच्याशी मिळतेजुळते नीवार, म्हणजे रानतांदूळ, घ्यावेत, जव नव्हे. निवड मोकळी आहे, आरंभ झाल्यावर पलटी नाही. लेन चुकली हे वर्तुळात शिरल्यावर ज्याच्या लक्षात येते, त्याच्यासाठी याहून नेमका सल्ला शोधून सापडणार नाही: त्या लेनने जिकडे नेले तिकडे जावे, पुढे वळून परत यावे. शेजारच्या गाडीपुढे आडवे घुसू नये.

युरोपात हाच वाद कॅथलिक धर्मपंडितांनी घातला, आणि फार कडवटपणे. १५७७ मध्ये सालामांकाच्या बार्तोलोमे द मेदिना या डोमिनिकन पंडिताने मत मांडले की एखादे मत आधार असलेले आणि संभाव्य असेल, तर त्याच्याविरुद्धचे मत जास्त संभाव्य असले तरी पहिल्याप्रमाणे वागण्यात पाप नाही. संशयास्पद कायदा बंधनकारक नाही, असा त्याचा रोख. पुढे जेझुइटांनी हा सिद्धान्त उचलला, आणि १६५६-५७ मध्ये फ्रेंच विचारवंत पास्कालने आपल्या निनावी पत्रांतून त्यांची यथेच्छ टिंगल केली: हवे ते करायला परवानगी देणारा एक पंडित नेहमीच सापडतो, असा त्याचा आरोप होता. विरुद्ध टोकाचे लोक म्हणत, शंका असेल तर नेहमी सुरक्षित बाजूच धरा. पण या मताचा अतिरेकही रोमला मानवला नाही. १६९० मध्ये आठव्या अलेक्झांडर पोपने तो निषिद्ध ठरवला.

‘सुरक्षित बाजू धरा’ हा सल्ला चौकात का फसतो हे पाहण्यासारखे आहे. घाबरट चालक डावी लेन पकडतो आणि तिसऱ्या-चौथ्या फाट्यापर्यंत तीच धरून फिरतो. त्याला वाटते आपण कडेने चाललो आहोत, कोणाच्या अध्यातमध्यात नाही. प्रत्यक्षात उजव्या लेनमधून योग्य रीतीने बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत तो आडवा येतो. (सायकलस्वारांना आणि घोडेस्वारांना मात्र नियमावलीने डाव्या लेनमधून पूर्ण वळसा घेण्याची मुभा दिली आहे. अधिकारभेद ब्रिटिशांनाही कळतो.) मेदिनाची मोकळीकही इथे पुरत नाही. पाप लागेल की नाही हा चालकाच्या आत्म्याचा प्रश्न झाला. मागच्या गाडीतल्या माणसाला त्याच्या आत्म्याशी देणेघेणे नसते. त्याला एवढेच कळायला हवे असते की पुढचा कुठे निघाला आहे.

इथे उत्तराची दिशा बदलते. नियम स्पष्ट असतो तेव्हा कर्तव्य नियमाशी असते. नियम धूसर झाला की ते आजूबाजूच्या माणसांशी असते. इशाऱ्याचा दिवा वेळेवर लावणे, वेग कमी ठेवणे, अचानक न वळणे यांनी बरोबर लेन सापडेलच असे नाही, पण आपला अंदाज इतरांना वाचता येतो. अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस याने १९६९ च्या ‘कन्व्हेन्शन’ या पुस्तकात रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालावे यासारख्या संकेतांचा विचार केला. डावी बाजू किंवा उजवी, स्वतःत एकही बरोबर नसते; इतर तीच धरतील या भरवशामुळे ती बरोबर होते. लेनचेही तसेच आहे. ‘खरी’ लेन डांबराखाली दडलेली नसते.

याचा अर्थ रस्त्यावर खुणा रंगवणाऱ्यांची सुटका होते असा नाही. कायद्याचे तत्त्वज्ञ लॉन फुलर यांनी १९६४ मध्ये रेक्स नावाच्या एका काल्पनिक राजाची गोष्ट सांगितली. तो कायदे करायला जातो आणि आठ प्रकारे फसतो. कधी कायदे कोणाला समजत नाहीत, कधी ते परस्परविरोधी असतात, कधी पाळणेच अशक्य असते. असे कायदे नुसते वाईट नव्हेत, त्यांना कायदा म्हणावे की नाही हाच प्रश्न आहे, असे फुलर यांचे म्हणणे. शेवटच्या क्षणी दिसणारा आणि पाटीशी भांडणारा बाण रेक्सच्या दरबारातलाच आहे. त्यावर चुकलेल्या चालकाला मूर्ख ठरवणे सोपे आणि अन्यायाचे आहे.

नेदरलँड्समधले अभियंते लाम्बर्टस फोर्टाउन यांनी १९९० च्या दशकात यावर कडक तोडगा काढला. त्यांच्या ‘टर्बो’ राउंडअबाउटमध्ये लेनच्या मध्ये उंचवटा असतो. शिरण्याआधी ठरवा, आत गेल्यावर लेन बदलताच येत नाही. अपघात रोखायला ही रचना चांगली आहे, हे मान्य करावे लागेल. पण ती भार उचलून सगळा आधीच्या काही मीटरांवर टाकते, आणि तिथल्या पाट्या स्वच्छ नसतील तर माणूस चुकीच्या वाटेला नुसता जातच नाही, कोंडला जातो.

ब्रिटिश नियमावलीने यापेक्षा शहाणपणाची गोष्ट केली आहे, आणि ती एका कलमात सहज दडून गेली आहे. राउंडअबाउटवर कोणाकडे लक्ष ठेवावे याची तिथे यादी आहे. तीत पादचारी आहेत, सायकली आहेत, लांब ट्रक आहेत, आणि दोन लेनवर पसरलेली किंवा चुकीच्या लेनमध्ये उभी असलेली वाहनेही आहेत. त्यांनाही भरपूर जागा द्यावी असे ती सांगते. नियम करणाऱ्यांनी नियम चुकणार हे धरूनच जागा ठेवली. ब्रिटनमध्ये गाडी चालवण्याची परीक्षा द्यायला बसणाऱ्यांनी, त्यात पुण्या-मुंबईहून गेलेले आणि स्विंडनचे गोवेकरही आले, एवढे लक्षात ठेवावे: परीक्षकाने सांगितलेला फाटा चुकून दुसऱ्याच रस्त्याला लागलात तर त्याचे गुण कापले जात नाहीत. तो फाटा गाठण्यासाठी दुसऱ्याच्या गाडीपुढे आडवे घुसलात, तर मात्र तिथेच नापास होऊ शकता.