सोळा वर्षांचा देह

शिर्डीत कडुलिंबाखाली लोकांना पहिल्यांदा दिसला तो सोळा वर्षांचा तरुण होता, असं गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या ‘साईसच्चरिता’त आहे. त्याआधीची वर्षं कुठे गेली, हे साईबाबांनी कधी नीट उघड केलं नाही. परभणी जिल्ह्यातली पाथरी म्हणते, तो मुलगा आमचा, भुसारींच्या घरचा. वि. बा. खेर यांनी १९७०च्या दशकात पाथरीत येऊन या दाव्याचा शोध घेतला. आज तिथे जन्मस्थान मंदिर आहे. जानेवारी २०२०मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीसाठी १०० कोटींच्या विकासाची घोषणा केली, आणि पाथरीला जन्मगाव ठरवण्याच्या निषेधार्थ १९ जानेवारीला शिर्डीने कडकडीत बंद पाळला.

वाद जन्मगावाचा होता. पण घरातून गेलेलं पोर आणि परगावी उभा राहिलेला तरुण हे दोघे एकच, असं कशाच्या जोरावर म्हणायचं?

त्या पोराच्या देहाचं दरम्यान काय होतं, ते पाहू. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस बालपणभर जवळजवळ गप्प असतो. मग एका टप्प्यावर तो, आधी रात्रीच्या झोपेत, ठरावीक अंतराने संप्रेरकाचे झटके सोडू लागतो. त्याने पिट्युटरी ग्रंथी जागी होते, तिच्या सांगण्यावरून वृषणं किंवा अंडाशय कामाला लागतात, आणि रक्तातून गेलेला निरोप ज्या पेशींना वाचता येतो त्या बदलू लागतात. मुलाचं स्वरयंत्र वाढतं, आवाज फुटतो, मिसरूड येतं. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पेशींच्या रांगा असतात. त्या विभागतात, फुगतात, मरतात, आणि त्यांच्या जागी हाड येतं. उंची वाढते ती अशी.

ही वाढ थांबवणारं संप्रेरक मुलांमध्येही इस्ट्रोजेनच असतं. १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रकरणात २८ वर्षांच्या पुरुषाच्या पेशींना, एका जनुकातल्या दोषामुळे, इस्ट्रोजेनचा निरोप कळतच नव्हता. त्याची उंची २०४ सेंटिमीटर झाली होती आणि तो अजून वाढत होता. ज्याला लोक ‘बायकांचं’ संप्रेरक म्हणतात, त्याच्यावाचून पुरुषाचा सांगाडाही पुरा होत नाही! सोळाव्या वर्षी बहुतेक मुलांच्या या कूर्चा मिटत आलेल्या असतात. मेंदूचं काम मात्र संपलेलं नसतं. कपाळामागच्या भागात पेशींमधले नको असलेले सांधे छाटणं आणि उरलेले पक्के करणं विशीतही चालूच राहतं.

आपल्याकडच्या दार्शनिकांना पेशी माहीत नव्हत्या, तरी हा बदल त्यांनी वादात पणाला लावला. देह हाच आत्मा, असं चार्वाक म्हणतो. नैयायिक त्याला अडवतो: बालपणीचा देह तर राहिला नाही, मग तेव्हा पाहिलेलं म्हातारपणी आठवतं कुणाला? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कौमार, यौवन आणि जरा यांच्या रांगेतच मरणालाही बसवलं आहे. बौद्धांचा नागसेन राजा मिलिंदाला रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचा दाखला देतो: पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत ना तीच, ना वेगळी. जैन म्हणतात, द्रव्य टिकतं, पर्याय बदलतात.

नैयायिकाचा मुद्दा तगडा आहे, पण आज तो जसाच्या तसा टिकत नाही. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, आतड्याचं अस्तर काही दिवसांत नवं होतं. पण स्टॉकहोमचे शास्त्रज्ञ योनास फ्रिसेन यांनी २००५मध्ये, अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४चा माग काढत दाखवलं, की मेंदूच्या बाह्यावरणातल्या चेतापेशी माणसाच्याच वयाच्या असतात. डोळ्यातल्या भिंगाच्या गाभ्यातल्या पेशी तर जन्माआधीच्या. म्हणजे देह पुरता बदलतो, हे खरं नाही. चार्वाकाला इथे हायसं वाटेल, पण त्याचाही विजय नाही. पेशी जुनी असली तरी तिच्यातले बहुतेक रेणू बदलत राहतात, आणि आठवण एका पेशीत नव्हे तर पेशींच्या जोडण्यांत राहते. त्या जोडण्यांचीच तर वयात येताना मोठी काटछाट होते. टिकतं ते द्रव्यापेक्षा रचनेचं सातत्य. आणि तिथे नागसेन इतरांपेक्षा जवळ पोहोचला आहे.

तरीही एवढ्याने भागत नाही, आणि त्याचा पुरावा खुद्द पाथरीच्या इतिहासात आहे. इतिहासकार फरिश्ता सांगतो, की निजामशहांचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते. त्यांच्यातला एक जण विजयनगरच्या मुलखात गेला. त्याचा मुलगा तिमाप्पा बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान म्हणून वाढला आणि मलिक हसन झाला. वयात येताना त्याचा देह बदलला. नाव आणि धर्मही बदलले. त्याच्या मुलाने १४९०मध्ये निजामशाही उभारली. मग नातू बुऱ्हाणशहाने वऱ्हाडच्या इमादशाहीकडे निरोप धाडला: पाथरी आमच्या पूर्वजांची, ती आम्हाला द्या, बदल्यात दुसरा परगणा घ्या. इमादशहाने नकार दिला, आणि बुऱ्हाणशहाने लढून पाथरी घेतली.

बुऱ्हाणला आजोबांकडून पेशींच्या वाटेने जे मिळायचं ते मिळालंच होतं. शुक्रपेशींच्या मूळ पेशी गर्भातच वेगळ्या ठेवलेल्या असतात आणि वयात येताना जाग्या होतात. पण त्या पेशींमध्ये पाथरीचं नाव नसतं. ते कुणीतरी सांगावं लागतं, ऐकणाऱ्याने आपलं म्हणावं लागतं. शिर्डीच्या तरुणाने ते सांगायचं टाळलं, आणि ते त्याने ठरवून केलं असावं, असं वाटतं.