जोर नको, मुक्काम हवा

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २५ आणि २६



रोज जप करतो, पण वडिलांवरचा राग काही जात नाही, मन अगदी दगड झालंय, असं आपल्यातले कितीतरी जण म्हणतात. ठीक आहे, मग आज दगडाकडूनच शिकूया.

आपल्या नागपूरची सीताबर्डीची टेकडी बघा. हा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. घणालाही सहज दाद देत नाही. पण पावसाचं पाणी त्याच्या बारीक भेगांत शिरतं, आतली खनिजं बदलून त्यांची चिकणमाती होत जाते आणि दगड कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटू लागतो. त्याचाच मुरूम होतो आणि मुरमाची काळी माती. तिकडे हिमालयात तेच पाणी भेगेत गोठतं. गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, भेग रुंदावतं. मग वितळतं, आणखी आत शिरतं, पुन्हा गोठतं.

यात एक गोष्ट बघा. वरून वाहून गेलेलं पाणी असं काम करत नाही. दगडाला आतून सोडवतं ते भेगेत मुरलेलं पाणी.

भगवंत या दोन श्लोकांत हेच सांगतात : धीर धरून मनाला हळूहळू शांत करावं, ते जिथे जिथे पळेल तिथून परत आणावं. किती वेळा, याची मोजदाद दिलेली नाही. आपण मात्र ॲपवर माळा मोजतो आणि नाम वरच्यावर वाहून जातं.

मग आपली भेग कुठली? जिथे दुखतं तीच. बाबांचं ते एक वाक्य आठवलं की आपण पटकन मोबाईल उचलतो. नेमकं तिथेच थांबून नाम घ्यायचं. बाबा बरोबर होते असं मानायची सक्ती नाही. राग लगेच जाईल असंही नाही. फक्त नामाला तिथे मुक्काम करू द्या.

आणि फुटलेला दगड वाया जात नाही, बरं का! काटोल-नरखेडची संत्री याच पाषाणाच्या मातीत पिकतात.

आजची साधना : ती आठवण आली की पाच मिनिटं तिथून हलायचं नाही. नाम चालू ठेवायचं. उद्या पुन्हा.

जय जय राम कृष्ण हरी!