दगड होईपर्यंत

बसा.

गच्चीवर सावली कुठं आहे ते बघा. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला असेल. तिथंच बसा, पाठ टेकून.

समोर एक टब आहे. कपडे भिजवायचा, पसरट, काठाला चीर गेलेला. अशी वस्तू घरातून टाकवत नाही आणि वापरवतही नाही.

टबात काँक्रीट आहे. ओलं, आत्ताच ओतलेलं. मधोमध एक पांढरा पाइप उभा, हातभर उंच.

आज एवढंच बघायचं आहे.

एक श्वास घ्या. सावकाश. सोडा.

वास येतोय? ओल्या सिमेंटचा, थंड, जरासा उग्र. बांधकामावरून जाताना येतो तोच. तेव्हा आपण पुढं निघून जातो.

आज थांबा.

*

या पाइपात पुढं बांबू उभा राहणार आहे. बांबूच्या टोकाला आकाशकंदील.

कंदील डोळ्यांपुढं आणा. कामट्यांचा सांगाडा, पतंगाचा कागद, खाली झिरमिळ्या. हातात घेतला तर वजन जाणवतही नाही. त्याला उंच जायचंय, आणि उंचावर वारा असतो.

अंगण असतं तर खड्डा खणून बांबू रोवला असता. गच्चीला भोक पाडता येत नाही. वॉटरप्रूफिंग जातं, आणि मग पावसाळ्यात खालच्या मजल्यावरची माणसं वर येतात.

म्हणून हा टब. जमीन नाही तिथं आणून ठेवलेली थोडीशी जमीन.

बघत राहा.

*

हात आठवतायत का, मघाचे?

एक वाटा सिमेंट, दोन वाटे वाळू, चार वाटे खडी. आधी कोरडंच कालवलं. फावडं खाली सरकायचं, उचलायचं, पालथं व्हायचं. करडा रंग सगळीकडं एकसारखा झाला, मग मधे आळं केलं आणि त्यात पाणी.

पाणी थोडंच. जास्त पाणी घातलं की माल हलका फिरतो, हाताला बरं वाटतं, आणि पुढं तोच दगड भुसभुशीत निघतो. गवंडी माल बघूनच ओळखतो. घट्ट पिठल्यासारखा हवा, थापीवरून सावकाश घसरणारा.

हातमोजे घातले होते ना? ओलं सिमेंट कातडी खातं. मननाच्या वेळीसुद्धा हे सांगायला हवं.

त्या फावड्याचा आवाज ऐका. खर्र. खर्र. मग ओला, जड, बसका आवाज.

तो आवाज आता थांबलाय.

थांबलेला आवाजही ऐका.

*

टबाच्या अंगावर बोटांनी हलकेच टकटक करा.

एक बुडबुडा वर येतो. फुटतो. जागीच एक छोटी खळी उरते.

पुन्हा टकटक. पुन्हा एक.

कालवताना आत अडकलेली हवा आहे ही. राहिली तर दगडात पोकळ्या राहतील. तिला घाई नाही. वाट मिळाली की ती वर येते.

तुमच्याही आत दिवसभरात काही अडकलं असेल. येऊ द्या वर. त्याच्याकडं बघायचं, बस्स. फुटू द्या.

श्वास.

आता पृष्ठभाग बघा. मघाशी खरबरीत होता. आता त्यावर पाण्याचा एक पातळ थर आलाय. कुणी ओतलेला नाही. खडी आणि वाळू खाली बसतायत, पाणी वर येतंय. जड खाली, हलकं वर.

त्या थरात आभाळ दिसतं. पाइपचं पांढरं तोंड दिसतं.

ते पाणी पुसू नका. थापी फिरवायचा मोह होईल. होऊ द्या, आणि हात मांडीवर ठेवा.

*

पाइप सरळ आहे का?

एक दोरा घ्या. टोकाला मोठा नट बांधा. झाला ओळंबा. हात लांब करून तो डोळ्यांसमोर धरा. दोरा आणि पाइपची कड, दोन्ही एका रेषेत येतायत का बघा.

दोरा हलतोय.

वारा नाही. तो तुमच्या श्वासानं हलतोय, मनगटातल्या ठोक्यानं हलतोय. त्याला थांबवायला जाल तर जास्त हलेल.

नुसता धरा.

हळूहळू झोके लहान होतात. अजून लहान. मग नट एका जागी येऊन राहतो आणि पृथ्वीचा मध्य कुठं आहे ते दाखवतो.

पाइप जरासा डावीकडं झुकलाय. एका बोटानं सारा. ओला माल वाट देतो.

आता उठा, टबाच्या दुसऱ्या बाजूला जा, पाव वळसा. पुन्हा दोरा धरा. एका बाजूनं सरळ दिसलेलं दुसऱ्या बाजूनं सरळ असेलच असं नाही.

पुन्हा वाट बघा. पुन्हा एक बोट.

झालं की चारी बाजूंनी सुतळी ताणून पाइप टबाच्या कानांना आणि बाजूला ठेवलेल्या विटांना बांधून टाका. आणि हात काढून घ्या.

*

आता जे चाललंय ते डोळ्यांना दिसणार नाही.

पाणी पडताक्षणी सिमेंट एकदा जागं होतं. मग शांत होतं. तासभर, दोन तास, कधी त्याहून जास्त, त्यात काहीच होत नसल्यासारखं वाटतं. रसायनाची माणसं या वेळेला सुप्त काळ म्हणतात. सिमेंट दळताना त्यात थोडा जिप्सम घालतात तो ही उसंत मिळावी म्हणूनच. जिप्सम नसता तर माल घमेल्यातच आवळला असता.

या काळात हात लावायचा नाही. हलवायचं नाही. टब चार बोटं इकडं सरकवू का, असंही मनात आणायचं नाही.

बसा त्याच्याबरोबर. काहीच होत नाही अशा वेळी.

एक श्वास.

आणखी एक.

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडतोय. कुकरची शिट्टी झाली. येऊ द्या आवाज. जाऊ द्या.

टब जागच्या जागी आहे. तुम्ही जागच्या जागी आहात.

*

काही तासांनी परत या. वरचं पाणी आता दिसत नाही. करडा रंग जरा फिका झालाय.

तळवा टबाच्या बाहेरच्या अंगाला लावा. डोळे मिटा.

किंचित कोमट आहे.

सावलीत होता हा टब, ऊन लागलेलं नाही. ही ऊब आतून आली आहे. सिमेंट आणि पाणी एकमेकांना धरायला लागले की ऊब निघते. धरणाच्या भिंतीत एवढी निघते की तिला थंड ठेवायची वेगळी व्यवस्था करावी लागते. इथं ती तळव्यापुरतीच आहे.

राहू द्या तळवा तिथं.

सगळे म्हणतात, सिमेंट वाळतंय. खरं तर पाणी उडून गेलं तर दगड कच्चा राहतो. ते आतच राहायला हवं. ते सिमेंटमध्ये मुरतं आणि दगडाचाच भाग होतं. या टबातलं बरंचसं पाणी आता पुन्हा कधी पाणी होणार नाही.

तळव्याखाली ते चाललंय. आत्ता.

*

मी तर म्हणेन, हा टब घटस्थापनेलाच भरावा.

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतो, आणि लक्ष्मीपूजन येतं अमावास्येला. मधे चार आठवडे. काँक्रीटची ताकद मोजायची ती २८ दिवसांनी, असा बांधकामाचा हिशेब आहे. पहिल्या ७ दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते, बाकीची सावकाश येत राहते. पंचांग आणि सिमेंट इतके जुळतील असं कुणी ठरवलेलं नाही, पण जुळतात.

देवघरात पत्रावळीवर काळी माती, तिच्यात धान्य, मधे घट. रोज थोडं पाणी.

ते झालं की तांब्या घेऊन गच्चीवर या.

टबावर गोणपाट पसरलेलं आहे. त्यावर पाणी सोडा. सावकाश, धार नको. गोणपाट गडद होत जातं. कोपऱ्यातून एक ओघळ निघतो, गच्चीच्या उतारानं पन्हळीकडं जातो. त्याच्याबरोबर नजर जाऊ द्या, मग परत आणा.

बांधकामावर सकाळी पहिली हाक असते, पाणी मारलं का. आज ती स्वतःला मारा.

दसऱ्यापर्यंत खाली धान उगवून वीतभर होतं, फिकट पोपटी. वर टबात काहीही उगवलेलं नसतं. तरी पाणी द्यायचं. उद्याही यायचं. गोणपाट ओलं आहे का, एवढंच बघायचं.

*

दसरा झाला की गोणपाट काढा. आता दगडावर हात फिरवा.

थंड आहे. खरबरीत आहे. एका ठिकाणी गुळगुळीत, तिथं पहिल्या दिवशीच्या बुडबुड्याची खळी. नख घासून बघा, पांढरी रेघही उठत नाही.

वजन किती? टबाची रुंदी ४० सेंटीमीटर, माल १२ सेंटीमीटर खोल. म्हणजे १५ लिटर, म्हणजे ३५ किलोच्या आसपास.

तेवढंच वजन तेलाच्या चौकोनी डब्यातही मावलं असतं, आणि बहुतेक जण डबाच भरतात. पण डबा अरुंद. वारा कंदिलाला ढकलतो तेव्हा सगळं बूड एका कडेवर उभं राहू बघतं. कड मध्यापासून जितकी लांब, तितकं ते उलथवणं अवघड. इथं रुंदी वजनाइतकंच काम करते. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. बांबू दुप्पट उंच केला तर तोच जोर उलथवायला दुप्पट कामी येतो.

म्हणून पसरट टब. म्हणून बांबू बेताचा, कठड्यापासून लांब.

तुम्हीही बसल्या जागी जरा पसरा. मांडी मोकळी करा. बूड जमिनीला जिथं जिथं टेकलंय तिथं लक्ष न्या. उजवी बाजू. डावी बाजू. शरीराचा भार खाली जाऊ द्या.

जमीन घेतेय तो.

जेजुरीच्या वाटेवरच्या दगडी दीपमाळा बघितल्या असतील. दिवा ठेवायला दगडाचे हात बाहेर आलेले, आणि खाली रुंद बूड, वर निमुळतं होत गेलेलं. ज्योत वर, दगड खाली. कारागिरांनी हे केव्हाच करून ठेवलंय. आपण टबात तेच करतोय, जरा ओबडधोबड.

*

वसुबारस. संध्याकाळ.

बांबू पाइपात सोडा. ठक्, तळाला टेकला. थोडा खेळतोय. लाकडाची पाचर घाला, वरून हातोडीचे दोन हलके ठोके.

दिवा लावा.

मान वर करा. कंदील हलतोय. झिरमिळ्या एकीकडं जातात, थांबतात, परत येतात. बांबू वाकतो, किंचित. आता नजर खाली आणा, बांबूवरून, गाठीगाठीवरून, पाचरीपर्यंत, दगडापर्यंत.

तिथं काही हलत नाही.

पुन्हा वर. हलतंय.

पुन्हा खाली.

काही वेळ नुसतं हेच करा. श्वास घेताना वर. सोडताना खाली.

*

कधी वारा टबाच्या हिशेबात बसत नाही. २०१९ च्या दिवाळीत अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ होतं, कोकण किनाऱ्यावर ऐन सणात पाऊस नि वारा होता. अशा दिवशी पाचर काढायची, बांबू उचलायचा, कंदील घरात. पाइप याचसाठी ठेवला आहे. बांबू थेट सिमेंटमध्ये पुरला असता तर तो उतरवता आला नसता.

कंदील उतरवण्यात कमीपणा नाही. सैपाकघराच्या खिडकीतही तो छान दिसतो.

*

त्रिपुरी पौर्णिमा होते. कंदील खाली येतो, कागदावर धूळ, एक कोपरा फाटलेला. बांबू जिन्याखाली जातो.

दगड आहे तिथंच.

त्याच्याजवळ एकदा बसा. आता ओळख झाली आहे. तळवा ठेवा. सकाळ आहे, दगड गार आहे, रात्रीचं दव त्यावर आहे. आत सिमेंट अजूनही थोडं थोडं घट्ट होतंय, वर्षानुवर्षं होत राहील.

बघा. श्वास घ्या.

पाइपचं तोंड बुचानं बंद करा, नाहीतर आत पाणी साचून डासांच्या अळ्या होतात. चैत्रात गुढीची काठी यातच उभी राहील, काठीची जाडी मात्र आत्ताच बघून ठेवलेली बरी.

मग टब टाकीमागं सरकवायचा. एकट्यानं उचलू नका, कंबर धरते. जिन्यात जाऊन खालच्या मजल्यावर हाक मारा, कुणीतरी असेलच घरी.