आत्मौपम्य : करुणेचे माप

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील बत्तिसाव्या श्लोकात श्रेष्ठ योग्याचे लक्षण सांगताना भगवंतांनी साधकाच्या हाती एकच माप दिले आहे. ते माप म्हणजे तो स्वतःच होय. आपणांस जे सुख वा दुःख होते, तेच इतरांसही होते, असे जो सर्वत्र जाणतो तो परमयोगी. यालाच आत्मौपम्य म्हणतात.

येथे प्रथम स्वतःविषयीच्या करुणेचा विचार केला पाहिजे. जो स्वतःचा धिक्कार करतो, त्याच्या हातचे मापच खोटे ठरते. सतराव्या अध्यायात देहास व्यर्थ पीडा देणाऱ्यांचा निश्चय आसुरी म्हटला आहे. कारण त्या पीडेने अंतर्यामी वसणारा ईश्वरच कष्टतो. परंतु आत्मकरुणा म्हणजे आपल्या दुःखाचे लाड नव्हेत. दुःख हे परदुःख जाणण्याचे माप आहे. ते शस्त्र करू लागताच माप हातातून सुटते.

या तत्त्वाची कठोर परीक्षा दिल्लीत झाली. 1947 च्या फाळणीत पश्चिम पंजाबातून सर्वस्व गमावून आलेले हिंदू व शीख निर्वासित राजधानीत आश्रय शोधीत होते. त्याच नगरात भयभीत मुसलमान पुराना किल्ला व हुमायूनची कबर येथील छावण्यांत जीव मुठीत धरून बसले होते. कित्येक निर्वासितांनी मशिदींत संसार मांडला होता. 13 जानेवारी 1948 रोजी महात्मा गांधींनी उपोषण आरंभिले. मशिदी परत केल्या जाव्यात, ही त्यांच्या अपेक्षांपैकी एक होती.

येथे शंका उद्भवते : पौषातील कडाक्याच्या थंडीत गृहहीनास छपराबाहेर पडण्यास सांगणे, ही कसली करुणा? शंका रास्त आहे. परंतु एकाचे छप्पर हिरावून दुसऱ्यास दिल्याने दुःख कमी होत नाही. ते केवळ घर बदलते. निर्वासितास छप्पर देणे हे कर्तव्यच होते. मात्र ते ज्यांची घरे शाबूत होती त्यांचे होते. याच महात्म्याने त्याआधी निर्वासितांसाठी लोकांकडे कांबळी व रजया मागितल्या होत्या. करुणेचा भार सुस्थितांनी उचलला नाही, म्हणजे तो दुबळ्यांच्या माथी पडतो.

18 जानेवारीस नगरातील विविध पक्षपंथांच्या प्रतिनिधींनी शांतीची प्रतिज्ञा केली व उपोषण सुटले. दोनच दिवसांनी प्रार्थनासभेत एका निर्वासित तरुणाने स्फोट घडविला. त्याचा द्वेष करू नये, असे गांधींनी दुसऱ्या दिवशी सांगितले. त्याच प्रार्थनेत गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची लक्षणे नित्य म्हटली जात. 30 जानेवारीस प्रार्थनेस जाताना त्यांची हत्या झाली.

पुढे 1948 मध्येच विनोबा भावे दिल्लीस आले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात ज्यांनी गीतेवर प्रवचने केली, तेच आता निर्वासितांत, आणि दिल्लीच्या दक्षिणेस मेवातातील उखडलेल्या मेव मुसलमानांतही, पुनर्वसनाच्या कार्यास लागले. दोन्हींकडील अश्रू त्यांनी निरनिराळ्या मापांनी मोजले नाहीत.

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा येथे आज भिंतीस भिंत लागून घरे आहेत. तरी शेजाऱ्याची जात, प्रांत, पंथ यांविषयीचे दुरावे मिटले आहेत असे म्हणता येणार नाही. अन्यत्रही स्थिती फारशी निराळी नाही. गृहस्थाने यासाठी अरण्यात जाण्याचे कारण नाही. रात्री निजण्यापूर्वी त्याने दिवसातील आपली एक चूक आठवावी. तिच्यामागील थकवा, भय वा अज्ञान ओळखावे, ती सुधारण्याचा निश्चय करावा, पण स्वतःस शाप देऊ नये. मग ज्याच्याविषयी मनात अढी आहे, त्या मनुष्याची एक चूक त्याच रीतीने तपासावी. आपल्या चुकीस कारण सापडते आणि त्याच्या चुकीस केवळ दुष्टपणाच दिसतो, असे आढळले तर माप अजून दोन आहेत, असे समजावे. ती दोन मापे एक करणे, हीच घरात बसून होणारी योगसाधना होय.