मानाची किंमत

मान हा शब्द आपल्या ऐतिहासिक नाटकांत इतक्या वेळां उच्चारिला जातो कीं, त्याचा अर्थ सर्व पात्रांच्या मनांत एकच असावा, अशी प्रेक्षकांची समजूत होते. ती खरी नव्हे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या १९०९ सालच्या ‘भाऊबंदकी’ नाटकांत तीन प्रमुख पात्रें मानासाठीं झगडतात, आणि तिघांचा मान निराळा आहे.

राघोबादादांचा मान पेशवाईच्या गादींत आहे. उत्तरेकडील मोहिमा गाजविलेल्या पुरुषानें पुतण्याच्या आज्ञेंत राहावें, हें त्यांस सोसत नाहीं. आनंदीबाईंचा मान पतीच्या वैभवांत आहे. रामशास्त्र्यांजवळ गादी नाहीं, सैन्यही नाहीं. न्यायासनाचें पावित्र्य हाच त्यांचा मान. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणरावांस मारिलें, तेव्हां ते अवघे अठरा वर्षांचे होते. काकांच्या मानाची किंमत पुतण्यानें दिली. रामशास्त्र्यांनीं राघोबांस देहान्त प्रायश्चित्त सांगितलें आणि अधिकारपद सोडिलें. त्यांच्या मानाची किंमत त्यांनीं स्वतः दिली.

आमच्या मतें मानाची खरी कसोटी हीच. मनुष्य मानाच्या नांवानें काय बोलतो हें न पाहतां, त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडला, हें पाहावें.

ही कसोटी रंगभूमीबाहेरही लावून पाहतां येते. ठाणें जिल्ह्यांत मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडाच्या रानांत २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारांत पडले. कोतवाल वकील होते. ते आपला व्यवसाय करीत स्वस्थ बसते, तरी कोणी त्यांस नांवें ठेविलीं नसतीं. देशाच्या मानाची किंमत त्यांनीं प्राण देऊन भरिली. येथें निर्णय सोपा आहे.

शेजारच्या शहापूर तालुक्यांतील माहुलीचा किल्ला मात्र आम्हांस विचारांत पाडतो. निजामशाही वांचविण्यासाठीं शहाजीराजांनीं १६३३ मध्यें पेमगिरीवर बाल मुर्तजास गादीवर बसविलें आणि मोंगलांशीं तीन वर्षें झुंज दिली. १६३६ सालीं मोंगल व आदिलशहा एक झाले. माहुलीस वेढा पडला. राजांनीं किल्ला सोडिला, मुर्तजा मोंगलांच्या स्वाधीन झाला, आणि राजे आदिलशाहींत गेले.

एखादा नाटककार येथें नायकास अखेरच्या श्वासापर्यंत लढवील आणि टाळ्या घेईल. परंतु हरलेल्या लढाईंत आश्रितांचे जीव वेंचणें यांत मान तो कसला? म्हणून शरणागतीस आम्ही कलंक म्हणत नाहीं. राघोबांनीं पुतण्या गमाविला तो लोभापायीं. राजांनीं त्या मुलास सोडिलें तें निरुपायानें. हा भेद मोठा आहे. तरीही त्या मुलानें गादी मागितली नव्हती, आणि तहाचा सर्वांत जड भार त्याच्याच वांट्यास आला. राजांस दोष न देतांही हें स्मरणांत ठेवितां येतें, व ठेविलें पाहिजे. थोरांचें चरित्र वाचतांना नकळत ज्याचा विसर पडतो, तोच पुष्कळदां किंमत देणारा असतो.

आपल्या घरांतही गादी नसली तरी मान असतो. घराण्याच्या अब्रूसाठीं मुलीचें शिक्षण थांबविणाऱ्या, किंवा मुलाच्या मनाविरुद्ध त्याचें लग्न ठरविणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं एकदां स्वतःस विचारावें: हा मान माझा, मग याची किंमत दुसऱ्यानें कां द्यावी?