तुकोबारायांनी बुडविली ती कोणती खते?

गेल्या आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तन आटोपून आम्ही उपरणे घडी करीत होतो, तोच एक तरुण माळकरी येऊन पाया पडला. चांगल्या नोकरीतला, घरी बायको, एक लेकरू. त्याने खिशातून तीन क्रेडिट कार्डे काढली आणि म्हणाला, "महाराज, ही आज चंद्रभागेत सोडतो. तुकोबारायांनी नाही का कर्जखते इंद्रायणीत बुडवली? पुढचं पांडुरंग बघून घेईल."

आम्ही त्याचा हात धरला. म्हटले, "बाबा, कथा अर्धीच ऐकलीस!"

तुकोबारायांच्या घरी महाजनकी होती. लोकांकडून येणे होते. परंपरा सांगते, महाराजांनी खतांचे दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा कान्होबांना दिला आणि आपला तेवढा डोहात सोडला. आता नीट पाहा. बुडविले ते येणे होते, देणे नव्हते. आपला हक्क सोडणे हे वैराग्य. दुसऱ्याचा हक्क बुडविणे याला शास्त्रात चांगले नाव नाही. भावाच्या खतांना तर महाराजांनी बोटही लावले नाही. कार्ड पाण्यात गेले तरी हिशेब बँकेत राहतोच. चंद्रभागेत घाण मात्र वाढते.

तो म्हणाला, "पण महाराज, दरमहा किमान रक्कम मी भरतोच की." हा पूर्वपक्ष पुष्कळांचा आहे, म्हणून वाळूतच हिशेब मांडला. पहिल्या कार्डावर ६०,००० रुपये, व्याज महिना साडेतीन टक्के. दुसऱ्यावर २५,०००, तीन टक्के. तिसऱ्यावर १५,०००, अडीच टक्के. एका महिन्याचे व्याज झाले ३,२२५ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३,८०० च्या वर. आणि हा किमान म्हणून भरीत होता ५,०००. म्हणजे लाखाच्या कर्जातले हजार-बाराशेच फिटले! शिवाय थकबाकी असेतोवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. दळण चालू आणि पिठाचा पत्ता नाही, अशी गत.

कोणी म्हणेल, स्मृतींत दामदुपटीचा नियम आहे, व्याज मुद्दलाहून अधिक घेऊ नये. आहे खरा, पण कार्डाच्या कर्जात त्याच्या भरवशावर बसू नये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांहून अधिक वार्षिक व्याज अनुचित ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा फेडणे हाच मार्ग.

आता उत्तरपक्ष. आधी नवी खरेदी बंद. एका कार्डावर रोकड काढून दुसऱ्याचे भरायचे, ही याची टोपी त्याच्या डोक्यावर. रोकडीला पहिल्या दिवसापासून व्याज, वर शुल्क निराळे. मग सर्व कार्डांची किमान रक्कम वेळेवर भरावी, चुकवू नये. उरलेला प्रत्येक रुपया ज्याचे व्याज सर्वांत जड त्याच्यावर घालावा. ते फिटले की तीच सगळी रक्कम दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. ज्याचे मन लवकर खचते त्याने सर्वांत लहान कर्ज आधी फेडले तरी चालेल. व्याज थोडे अधिक जाईल, पण एक खाते मिटले की उमेद येते. सोनेतारणाचे किंवा पतसंस्थेचे कर्ज खरोखर स्वस्त पडत असेल तर त्यानेही कार्ड फेडावे. मात्र रिकामे झालेले कार्ड पुन्हा भरायचे नाही. नाही तर एकाची दोन कर्जे झाली.

आम्ही विचारले, "घरी ठाऊक आहे?" त्याने मान खाली घातली. वसुलीवाल्यांचे फोन येत, तेव्हा हा अंगणात जाऊन बोले. आम्ही सांगितले, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे बंधन आहे; त्याविरुद्ध तक्रार करता येते. पण बायकोपासून लपविण्याला कोणते बंधन सोडवील? अर्धांगीला अंधारात ठेवून विठ्ठलापुढे उजेड मागतोस? तिथेच त्याने घरी फोन लावला. बराच वेळ पलीकडून शब्द नाही. मग आवाज आला, "आधी घरी या. दोघं बसून बघू."

जाता जाता म्हणाला, "महाराज, दिंडीला एक पंगत द्यायची बोललो होतो. तीही कार्डावरच देणार होतो." आम्ही म्हटले, "दुसऱ्याच्या पैशाचे अन्नदान कोणाच्या पुण्यात जमा व्हायचे? यंदा हाताने वाढ."

कार्तिकीला तो भेटला. घरखर्च आवळून दोघे महिन्याला १२,००० बाजूला काढतात. पहिल्या कार्डाचे ओझे निम्म्याहून खाली आले आहे, दोन अजून उभीच आहेत. पंगत दिली नव्हती. पण कमरेला उपरणे बांधून भाताचे पातेले घेऊन वाकून वाढीत होता, आणि बायको मागून आमटी घेऊन येत होती.

श्रोतेहो, ऋणाचा शेष आणि विस्तवाचा शेष ठेवू नये, असे जुने लोक सांगत. ज्याच्या घरी अशी कार्डे असतील त्याने एकादशीची वाट पाहू नये. आज रात्री हरिपाठ झाला की वही काढावी, घरच्या माणसाला जवळ बसवावे आणि पहिला आकडा लिहावा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!